ओळख न देण्याचा नियम

डॉक्टरला रस्त्याने सरळ चालता येत नसे. दवाखान्यापासून घर तसं जवळ, पण वाटेत बेकरीवाल्याच्या गुडघ्याची चौकशी, चष्म्याच्या दुकानातल्या काकांच्या नातवाचे नवे फोटो आणि फुलवालीचं नवऱ्याबद्दलचं ताजं गाऱ्हाणं एवढं सगळं उरकल्याशिवाय तिचं पाऊल पुढे पडत नसे. वहिनी म्हणायची, "हिला विजेचा खांब भेटला तरी ही थांबेल आणि विचारील, काय हो, उभं राहून राहून पाय नाही दुखत?"

काही माणसं समोर आली की मात्र तिचा चेहरा बदलायचा. नजर त्यांच्या खांद्यावरून पलीकडे जायची, चाल जराशी वाढायची, आणि ती बाजूने निघून जायची, जणू तिथे कोणी नव्हतंच.

हा नियम तिने शिकताना उचलला होता. ती मनाच्या आजारांची डॉक्टर होती आणि या लहानशा शहरात तशी ती एकटीच. तिचे सर वर्गात सांगत, दवाखान्याबाहेर पेशंट भेटला तर आपण होऊन ओळख द्यायची नाही. त्याने हात केला तर आपण करायचा, नाही केला तर आपण परके. कारण त्याच्याबरोबर बायको असेल, साहेब असेल, होणारा सासरा असेल. 'या कोण?' असं कोणी विचारलं तर उत्तर त्याला द्यावं लागतं, आपल्याला नाही. तिला हा नियम पटला होता आणि पटलेली गोष्ट ती अर्धवट करत नसे. नव्या पेशंटला ती पहिल्याच दिवशी सांगून टाकायची, "बाहेर भेटलो तर मी तुम्हाला ओळखणार नाही. राग मानू नका."

गणिताच्या बाईंनाही तिने हे सांगितलं होतं. त्या शहरातल्या तीन मजली शाळेत शिकवत. डॉक्टरच्या दादाची मुलगी, जिला घरात सगळे भिंगरी म्हणत, ती त्यांच्याच वर्गात होती. ही गोष्ट डॉक्टरने सुरुवातीलाच त्यांच्यासमोर ठेवली होती. बाई म्हणाल्या होत्या, "दुसरा डॉक्टर शोधायचा तर अर्धा दिवस गाडीत जाईल. मी रोज शिकवते हो. मला इथेच काय ते सांगा."

बाईंचा त्रास जिन्यात सुरू झाला होता. शाळा सुटल्यावर वरच्या मजल्यावरचा वर्ग रांगेने खाली न्यायचा आणि बाईंनी सगळ्यात मागे राहायचं, अशी शाळेची पद्धत. एके दिवशी उतरताना पुढच्या मुलाच्या दप्तराकडे बघताना त्यांच्या मनात आलं, आपण याला ढकललं तर? विचार कुठून आला, का आला, काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. मग रोज. बाई एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने स्वतःचीच ओढणी घट्ट धरून उतरू लागल्या. मग त्यांना शाळा सुटायच्या वेळेला नेमकी वह्या तपासायची कामं निघू लागली आणि वर्ग खाली न्यायला त्या शेजारच्या वर्गाच्या बाईंना विनवू लागल्या. घरी आल्यावर त्या एकेका मुलाचा चेहरा आठवून बघत, की आज सगळी खाली पोहोचली ना, मधे आपल्या हातून काही झालं नाही ना.

"असा विचार बहुतेक माणसांच्या डोक्यातून कधी ना कधी जातो," डॉक्टरने त्यांना सांगितलं होतं. "उंचावर उभं राहिलं की उडी मारली तर, असं वाटतं ना, तसाच. बाकीचे 'काय वेडेपणा' म्हणून पुढे जातात. तुम्हाला मुलं जिवापाड प्रिय आहेत, म्हणून तुम्ही तिथेच अडकलात. त्या विचाराला घाबरून जेवढं पळाल तेवढा तो मोठा होईल."

इलाज ऐकायला सोपा होता. वर्ग स्वतः खाली न्यायचा. मागे राहायचं. कठडा धरायचा नाही, ओढणी धरायची नाही. विचार आला तर येऊ द्यायचा. आणि 'मी असं काही करणार नाही ना?' हा प्रश्न कोणालाही विचारायचा नाही, कारण 'नाही' हे उत्तर त्या आजाराचं खाद्य आहे. एकदा मिळालं की तो तासाभरात पुन्हा भुकेलेला.

"तुम्हालाही नाही विचारायचा?"

"विचारा. मी उत्तर देणार नाही."

"रडले तरी?"

"तर रुमाल देईन. उत्तर नाही."

बाई तेव्हा पहिल्यांदा हसल्या होत्या. हळूहळू त्या एकेक मजला उतरू लागल्या. आधी कठड्यावर एक बोट ठेवून, मग तेही काढून. आणि एका दुपारी त्या दवाखान्यात आल्या त्या पहिला नंबर आलेल्या मुलीसारख्या. खुर्चीत बसण्याआधीच म्हणाल्या, "पूर्ण जिना. हात मोकळे. मधेच एक पोरगं बुटाची नाडी बांधायला बसलं, अगदी माझ्या पायाशी. मी त्याच्या डोक्याकडे बघत उभी राहिले. विचार आला. आला तर आला. नाडी बांधून झाली आणि आम्ही उतरलो."

डॉक्टरने नेहमीप्रमाणे शाबासकी देणं टाळलं आणि विचारलं, "आता पुढे काय करायचं?"

"रोज करायचं," बाई म्हणाल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी शाळेत पालकांची सभा होती. दादाची कारखान्यात दुपारची पाळी, म्हणून वहिनीने डॉक्टरला बरोबर ओढलं. "तू काही बोलू नकोस, नुसती बाजूला उभी राहा," वहिनी म्हणाली, "म्हणजे मास्तर लोक जरा सांभाळून बोलतात." पण बोलू नकोस हे डॉक्टरला जमणारं नव्हतं. फाटकावरच्या शिपायाला तिने त्याच्या मांजरीबद्दल विचारलं. मुख्याध्यापकांना त्यांचा खोकला बरा वाटतोय का ते विचारलं. चित्रकलेच्या मास्तरांशी ती रंगांच्या वासावर एवढं बोलली की मागे रांग लागली.

मग त्या दोघी गणिताच्या टेबलासमोर आल्या.

वहिनी खुर्चीत बसली. डॉक्टर तिच्या मागे उभी राहिली आणि भिंतीवरच्या अपूर्णांकांच्या तक्त्याकडे बघू लागली. बाईंनीही तिच्याकडे पाहिलं नाही. "डोकं छान आहे," त्या भिंगरीबद्दल म्हणाल्या, "हात घाईचे आहेत. गणित वाचून व्हायच्या आत सोडवून मोकळी."

"आत्यावर गेलीय," असं म्हणून वहिनी हसली आणि मागे वळली. आत्या तक्ता अशी वाचत होती, की संध्याकाळी तिची त्यावर परीक्षा असावी. वहिनीचं हसू थोडं मागे सरलं. तिने बाईंकडे पाहिलं, पुन्हा नणंदेकडे पाहिलं आणि मग पुढे काही न विचारता उठली.

संध्याकाळी स्वयंपाकघरात वहिनी कांदा चिरत होती. डॉक्टर शेजारी ताटं पुसत होती.

"गणिताच्या बाई तुझ्याकडे येतात," वहिनी म्हणाली.

"कोण म्हणालं?"

"तुझं तोंड."

"वहिनी, मी त्यांना ओळखत नाही."

"तेच तर म्हणतेय मी! अख्ख्या शाळेत तू ओळखत नाहीस अशी ती एकच बाई निघाली. शिपायाच्या मांजरीला पोटात जंत झालेत हेसुद्धा तुला माहीत. आणि जी बाई आपल्या पोरीला रोज शिकवते, तिला नमस्कारसुद्धा नाही?" वहिनीने सुरी खाली ठेवली. "तुला खरंच माहीत नाही का गं? पार्लरमधे बायकांचा तर हा खेळच आहे. तू रस्त्याने येताना दिसलीस की सगळ्या खिडकीत. ही कोणाशी बोलते ते नाही बघत, कोणाशी बोलत नाही ते बघतात. बँकेतल्या त्या उंच साहेबांचं असंच कळलं. त्या औषधवाल्याच्या सुनेचंही."

डॉक्टरच्या हातातलं ताट पुसून झालं होतं तरी ती पुसत राहिली. तिला कॉलेजातली प्रयोगशाळा आठवली. एखाद्या गोष्टीचा परिणाम शोधायचा तर बाकी सगळं एकसारखं ठेवायचं आणि फरक फक्त एकच ठेवायचा, म्हणजे तो डोळ्यांत भरतो. तिने नेमकं तेच केलं होतं, इतकी वर्षं, भर रस्त्यात. ती अबोल असती, माणूसघाणी असती, तर कोणालाच काही कळलं नसतं. तिचे शेजारी उगाच कुजबुजणारे नव्हते. त्यांच्यासमोर तिने इतका स्वच्छ प्रयोग मांडला होता की उत्तर न काढणं कठीण होतं.

"मी खेळत नाही हं त्यात," वहिनी म्हणाली. तिचा आवाज आता उतरला होता. "मला दुसऱ्याच्या घरात डोकवायचं नाही. त्यांना काय झालंय तेही नको सांगू. एवढंच सांग, भिंगरी त्यांच्या वर्गात ठीक आहे ना? म्हणजे, काही धोका नाही ना?"

'नाही' एवढाच शब्द हवा होता, आणि तो खरा होता. पण तो उच्चारला की बाई तिच्या पेशंट आहेत हे तिच्याच तोंडून ठरत होतं. न उच्चारला तर वहिनी तिच्या मनाला येईल ते भरून घेणार होती.

"मी कोणाबद्दलच काही सांगू शकत नाही," डॉक्टर म्हणाली.

"मान तरी हलव."

डॉक्टरने मान हलवली नाही.

"साधं काही असतं तर सांगितलं असतंस," वहिनी म्हणाली आणि पुन्हा कांदा चिरू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरने सरांना फोन लावला. सर आता निवृत्त होते आणि फोनवर ओरडून बोलत. तिने कोणाचाही उल्लेख न करता सगळं सांगितलं.

"मग बरोबरच आहे त्या बायकांचं," सर ओरडले. "तू पेशंटला पहिल्या दिवशी काय विचारतेस?"

"सांगते ना सर, की मी बाहेर ओळखणार नाही."

"सांगतेस! मी विचारायला शिकवलं होतं. बाहेर भेटलो तर तुम्हाला काय सोयीचं, हे विचारायचं. एखाद्याला हसलेलं हवं असतं. एखाद्याला 'काय, पाऊस येणार वाटतं' एवढंच हवं असतं. नियम त्याच्या सोयीसाठी आहे बाई, तुझ्या निर्धास्तपणासाठी नाही."

तिने बाईंना पुढच्या भेटीत हे विचारायचं ठरवलं. त्या भेटीला बाई वेळेआधीच आल्या. पायातल्या चपलांवर खडूची पांढरी भुकटी नेहमी असायची, ती आज नव्हती.

"वर्ग काढून घेतला," त्या म्हणाल्या. "वाचनालय दिलंय. तळमजल्यावर. मुख्याध्यापक फार गोड बोलले. थोडी विश्रांती घ्या, तब्येत सांभाळा. मी विचारलं, माझ्या तब्येतीला काय झालंय? तर म्हणाले, दोन-तीन पालक भेटून गेले, त्यांना जरा काळजी वाटते. कसली, ते त्यांनाही सांगता येईना." त्यांनी मांडीवर हात ठेवले. दोन्ही मुठी मिटलेल्या होत्या. "मी वाचनालयात बसून विचार केला. मला इतके दिवस वाटायचं की मी मुलांना काही करीन. तुम्ही म्हणायचात तो आजार आहे. आता पालकांनाही तेच वाटतंय. त्या सगळ्यांना तर आजार नाही ना?"

"त्यांना तुमच्या विचारांबद्दल काही माहीत नाही," डॉक्टर म्हणाली. "त्यांना फक्त तुम्ही माझ्याकडे येता एवढं कळलंय. आणि ते माझ्यामुळे कळलंय." तिने सगळं सांगितलं, पार्लरची खिडकी, अपूर्णांकांचा तक्ता, आणि हे बहुधा तिच्याच घरातून शाळेत पोहोचलं असावं हेही.

बाई म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही सगळ्यांशी बोलता, पेशंट सोडून."

"हो."

"मला वाटायचं, तुम्हाला माझी भीती वाटते."

"मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं तुम्हाला, की बाहेर..."

"पहिल्या दिवशी मला काय ऐकू आलं असेल हो?" बाई शांतपणे म्हणाल्या. "पहिल्या दिवशी मी खिडकी कुठे आहे आणि तुम्ही तिच्यापासून किती लांब बसला आहात, हे बघत होते. बेकरीसमोर तुम्ही माझ्याकडे न बघता गेलात ना, तेव्हा मला वाटलं, बरोबर आहे. हिला माझ्या डोक्यातलं सगळं माहीत आहे. हीसुद्धा लांबूनच जाते."

डॉक्टरने स्वतःला सावरून कामाचं बोलायचा प्रयत्न केला. "तुमची परवानगी असेल तर मी मुख्याध्यापकांशी बोलते. तुमचा त्रास काय आहे आणि त्यात मुलांना धोका का नाही, हे मी नीट समजावून सांगू शकते."

"काय सांगाल? वाक्य सांगा."

"की बाईंना मुलांना ढकलण्याचे विचार येतात, पण..." डॉक्टर थांबली. दवाखान्याच्या खोलीत हे वाक्य रोजच्या वापरातलं होतं. मुख्याध्यापकांच्या टेबलापलीकडून ते कसं ऐकू येईल, हे तिला आत्ता ऐकू आलं. 'पण'च्या पुढे कोणी ऐकणारच नव्हतं.

"बघा," बाई म्हणाल्या. "नको. कोणालाच काही सांगू नका. तुमच्या घरीसुद्धा नाही." मग त्या पुढे वाकल्या. "एक विचारते. तुम्ही तुमच्या भाचीला माझ्यापुढे जिन्यात चालू द्याल?"

"हो," डॉक्टर म्हणाली.

शब्द तोंडातून गेल्यावर तिला कळलं. बाई तिच्याकडे रोखून पाहत होत्या.

"तुम्ही म्हणाला होतात, रडले तरी उत्तर देणार नाही."

"हो, पण आज..."

"आज मी रडलेसुद्धा नाही. तरी दिलंत." बाईंच्या चेहऱ्यावर राग नव्हता. अवघड गणिताचं उत्तर मागच्या पानावर बघून, तेच आपल्याला आलं होतं अशी खात्री पटलेल्या माणसासारख्या त्या दिसत होत्या. "म्हणजे प्रकरण आता धीर द्यावा लागण्यापर्यंत गेलंय."

डॉक्टर पुष्कळ बोलली. आजाराला आता हेच हवं आहे, तो प्रत्येक गोष्टीचा पुरावा करतो, वर्ग परत मिळेपर्यंत दुसऱ्या इमारतीच्या जिन्यात सराव चालू ठेवता येईल, हवं तर दवाखान्याच्याच जिन्यात. बाई मान हलवत होत्या. जाताना त्यांनी दारातच विचारलं, "आता बाहेर दिसलात तर काय करायचं ठरलं आपलं?"

"तुम्ही सांगाल तसं."

"मला आता काहीही केलंत तरी चालेल," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना कळलंच आहे."

घरी वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. डॉक्टर तिच्यासमोर बसली आणि एक चादर ओढून घेतली.

"तू शाळेत गेली होतीस."

"मी एकटी नव्हते."

"वहिनी, जाऊन सांग की आपली काही तक्रार नाही. माझ्यासाठी सांग."

"सांगते. आत्ता उठून जाते, मुख्याध्यापकांच्या घरी जाते." वहिनीने हातातला भिंगरीचा फ्रॉक बाजूला ठेवला. "ते विचारतील, आधी काळजी वाटत होती, आता का वाटत नाही? मी काय सांगू? तू मला एक कारण दे. मोठं नको, एवढंसं."

डॉक्टरकडे कारण होतं, आणि ते कोणाच्याही आईला पुरलं असतं: ती बाई मुलांवर इतकी माया करते की त्यांना इजा होण्याच्या नुसत्या विचाराने तिची झोप उडते. पण हे वाक्य बाईंचं होतं, आणि बाईंनी ते आज दुपारी बंद करून टाकलं होतं. चादरीची दोन टोकं डॉक्टरच्या हातात होती, दोन वहिनीच्या. दोघींनी ती ताणून धरली, मधे दुमडली, पुन्हा दुमडली.

"बघ, तुला सांगता येत नाही, मला विचारल्याशिवाय राहवत नाही," वहिनी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "तुझं काम तुझ्या जागी आहे. पण मी तिची आई आहे गं. मला चुकायचं असेल तर मी या बाजूने चुकेन."

आतून भिंगरी ओरडली, "आत्या, नव्या बाई आल्यात! त्यांना सात ते नऊचे पाढे येत नाहीत!"

"गप गं," वहिनी म्हणाली आणि हसता हसता तिने पदराने डोळे पुसले. डॉक्टर हसली नाही.

पुढच्या भेटीच्या वेळी बाई आल्या नाहीत. ती वेळ त्यांची होती, म्हणून डॉक्टरने दुसऱ्या कोणाला आत घेतलं नाही. ती एकदा उठून दाराशी गेली, बाहेरच्या बाकांवर बाई दिसत नाहीत हे बघून परत आली आणि खिडकीपासून लांब असलेल्या आपल्या खुर्चीत बसून राहिली. मग दार ढकलून नर्स आत आली.

"गणिताच्या बाईंचा फोन होता," ती म्हणाली. चांगली बातमी आणल्यासारखा तिचा चेहरा उजळलेला होता. "येणं बंद करतायत म्हणे. त्यांना पलीकडच्या गावात नोकरी मिळाली. बैठी शाळा आहे, एकमजली. जिनाच नाही म्हणाल्या, सगळे वर्ग अंगणात उघडतात. किती मोकळं वाटतंय म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका हलका मी कधी ऐकला नव्हता बघा. तुमचे आभार मानायला सांगितलेत."

जिना टळला होता. विचार बाईंबरोबर त्या अंगणात जाणार होता. तिथे विहीर असेल, नाहीतर रस्त्यावरची वर्दळ असेल, नाहीतर हस्तकलेच्या तासाला कात्री असेल, आणि त्या वेळी दुसऱ्या डॉक्टरसाठी अर्धा दिवस गाडीत घालवण्याएवढा विश्वास बाईंकडे उरलेला नसेल.

"त्यांचा नंबर आहे ना आपल्याकडे?" तिने विचारलं.

"आहे की. लावू?"

डॉक्टरने फोनकडे हात नेला. तो मधेच थांबला. दवाखान्यात यायचं बंद केल्यावर पेशंट राहायचं की नाही, हेही बाईंनीच ठरवायचं होतं.

"नको," ती म्हणाली. "बाहेर कोण आहे?"

"बँकेतले साहेब होते. पण मघाशी तुम्ही दाराशी येऊन त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघितलंत ना, तेव्हा ते निघून गेले."